जंतूच्या घरात शिरून औषधाची परीक्षा

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात राजूर हे गाव आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या ही त्याची ओळख. या भागातून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात वरोरा येते. वरोऱ्याला लागूनच आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे या माळरानावर कुष्ठरोग्यांचे गाव वसवले. विदर्भातल्या कितीतरी शाळांच्या सहली आनंदवनात जाऊन आल्या असतील. तिथे बाबांच्या आयुष्यातली एक घटना हमखास सांगितली जाते.

कुष्ठसेवेचे शिक्षण घेण्यासाठी बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले होते. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, प्राण्यांना टोचला तरी वाढत नाही आणि त्यामुळे संशोधन अडून राहिले आहे, हे तिथे त्यांना कळले. तेव्हा त्यांनी स्वतःचे शरीर प्रयोगासाठी देऊ केले आणि जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. प्रयोग फसला.

ही गोष्ट आपण धैर्याची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण तिच्या पोटात एक शास्त्रीय प्रश्नही दडलेला आहे. जंतूचा अभ्यास करायला, त्याच्यावरचे औषध पारखायला माणसाचे अख्खे शरीर का लागावे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वैद्यकशास्त्राने एक वेगळीच वाट काढली. तिचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईतही आहे. त्या वाटेचा हा इतिहास.

बशीतली परीक्षा

जिवाणूंवरचे औषध पारखण्याची नेहमीची पद्धत सोपी आहे. काचेच्या चपट्या बशीत आगर नावाच्या समुद्री शेवाळाच्या अर्काची खळ ओततात. तिच्यात जिवाणूंचे खाद्य मिसळलेले असते. खळ गोठली की तिच्यावर रोग्याच्या नमुन्यातले जिवाणू पसरतात आणि निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळ्या बशीत जिवाणूंची साय धरलेली असते. ज्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, ते औषध लागू पडले. पॅथॉलॉजीच्या अहवालात औषधांच्या नावापुढे 'सेन्सिटिव्ह' किंवा 'रेझिस्टंट' असे शब्द असतात, ते या वर्तुळांवरूनच लिहिलेले असतात.

या परीक्षेत दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, जिवाणू बशीत वाढतो. दुसरी, बशीत औषध जसे जिवाणूला थेट भेटते तसेच ते शरीरातही भेटेल. घसा किंवा जखम पिकवणाऱ्या अनेक जिवाणूंच्या बाबतीत ही गृहीते बऱ्याच अंशी टिकतात. क्षयरोग आणि विषमज्वर यांच्या जंतूंपुढे दुसरे गृहीत कोसळते. कुष्ठरोगापुढे दोन्ही कोसळतात.

खाणाऱ्याच्या पोटात मुक्काम

रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ याने १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. शरीरातल्या फिरत्या पेशी त्या काट्यांभोवती गोळा झालेल्या त्याला दिसल्या. अमीबा जसा खाद्य गिळतो तशाच या पेशी बाहेरून आलेले कण आणि जंतू गिळतात, असे त्याने मांडले. आज आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो. माणसाच्या रक्तात मोनोसाइट या पांढऱ्या पेशी असतात. त्या रक्तातून बाहेर पडून ऊतींत स्थिरावल्या की त्यांच्या मोठ्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, बनतात. गिळलेला जंतू एका पिशवीत अडकतो. त्या पिशवीत आम्ल आणि पाचक द्रव्ये ओतली जातात आणि जंतूचा निकाल लागतो.

बहुतेक जंतूंची हीच गत होते. काही जंतू मात्र या पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड करतात. क्षयरोगाचा जंतू पाचक द्रव्ये पिशवीत येऊच देत नाही. विषमज्वराचा जंतू भक्षक पेशीत बसून यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात पोचतो. नॉर्वेमधल्या बर्गेन येथे आर्मार हान्सेन याने १८७३ साली कुष्ठरोग्यांच्या गाठींतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा काड्यांसारखे जंतू त्याला पेशींच्या आतच दिसले. कुष्ठरोगाचा जंतू भक्षक पेशींत राहतो आणि मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींतही राहतो. हातापायांची संवेदना जाते ती त्यामुळेच.

याच हान्सेनच्या आयुष्यात एक काळी नोंदही आहे. जंतू बाहेर वाढत नाही म्हणून १८७९ साली त्याने एका स्त्री-रोग्याच्या डोळ्यात तिच्या संमतीशिवाय कुष्ठाच्या गाठीतला अंश टोचला. खटला झाला आणि १८८० मध्ये रुग्णालयातले त्याचे पद गेले. सत्तर वर्षांनंतर बाबा आमट्यांनी आपले शरीर आपण होऊन पुढे केले. एकाने दुसऱ्याचे शरीर वापरले, दुसऱ्याने स्वतःचे दिले. पण दोघांपुढची अडचण तीच होती: या जंतूला राहायला माणसावाचून जागा नव्हती.

आतले आणि बाहेरचे

पेशीच्या आतल्या जंतूंवर औषध पारखण्याची सुरुवात क्षयरोगापासून झाली. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झाले होते आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. त्याच सुमारास अमेरिकेत इमॅन्युएल सूटर आणि इंग्लंडमध्ये जॉर्ज मॅकॅनेस यांनी प्राण्यांच्या भक्षक पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून त्यांना क्षयाचे जंतू खाऊ घातले आणि वरून औषध घातले. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. आयसोनियाझिड आतल्या जंतूंवरही बाहेरच्याइतकेच प्रभावी ठरले. स्ट्रेप्टोमायसिन मात्र बाहेरच्या जंतूंना ज्या मात्रेत मारते त्या मात्रेत आतल्यांचे फारसे वाकडे करू शकत नव्हते. त्यासाठी कितीतरी जास्त मात्रा लागत होती.

असे का व्हावे? पहिले कारण दाराचे. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या कुळातले जेंटामायसिन यांना पेशीचे पातळ स्निग्ध पटल सहज ओलांडता येत नाही. दुसरे कारण आतल्या हवेचे म्हणा ना. पिशवीतल्या आम्लात या औषधांचा जोर घटतो. विषमज्वराचा जंतू बशीत जेंटामायसिनने मरतो, तरी डॉक्टर त्या रोगासाठी हे औषध देत नाहीत. कारण बशीतले वर्तुळ खरे असले, तरी ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असते.

याच्या उलट उदाहरणही आहे. पायराझिनामाइड हे क्षयरोगावरचे औषध नेहमीच्या माध्यमात जवळजवळ निष्प्रभ दिसते. माध्यम आम्लधर्मी केले की ते जंतूला मारते, हे १९५४ साली दाखवले गेले. केवळ साध्या बशीवर विसंबले असते तर हे औषध केराच्या टोपलीत गेले असते. पुढे क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांवर आणण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. कुष्ठरोगावरचे क्लोफाझिमिन तर भक्षक पेशींत इतके साठते की तिथे त्याचे स्फटिक बनतात. हे औषध घेणाऱ्यांची त्वचा तांबूस-काळपट होते ती त्यामुळे.

खाणीच्या मुलखात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दगडाच्या धुळीत सिलिका असते. श्वासाबरोबर आत गेलेले सिलिकाचे बारीक कण फुप्फुसातल्या भक्षक पेशी गिळतात आणि त्यांतच मरतात किंवा दुबळ्या होतात. म्हणून अशा धुळीत काम करणाऱ्यांना क्षयरोगाचा धोका अधिक असतो. घरमालकच खचला की बिऱ्हाडकरूचे फावते.

या प्रयोगांत एक युक्ती फार सुंदर आहे. भक्षक पेशींना जंतू खाऊ घातल्यावर काही जंतू बाहेरच राहतात. मोजताना ते घोटाळा करतात. मग पेशी धुऊन घ्यायच्या आणि जेंटामायसिनसारखे, आत सहज न शिरणारे औषध थोडा वेळ घालायचे. बाहेरचे मरतात, आतले वाचतात. औषधाची उणीव इथे उपयोगी पडते. यानंतर जे औषध पारखायचे ते घालायचे, ठरावीक वेळाने पेशी फोडायच्या आणि बाहेर आलेले जंतू बशीत वाढवून मोजायचे. औषध न घातलेल्या पेशींतल्या जंतूंशी तुलना केली की औषध आत पोचले की नाही, हे कळते.

कुष्ठाच्या जंतूची अडवणूक

वरच्या पद्धतीतली शेवटची पायरी पुन्हा वाचा. जंतू बशीत वाढवून मोजायचे. कुष्ठरोगाचा जंतू बशीत वाढतच नाही! मग आतले किती मेले आणि किती जगले, हे कळावे कसे?

दरम्यान बाहेरच्या जगात हा प्रश्न तातडीचा झाला होता. १९४० च्या दशकात डॅप्सोन हे स्वस्त औषध आले. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. र. वि. वर्देकर यांच्या पुढाकाराने पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत तिथे घडली आणि घरोघर डॅप्सोनच्या गोळ्या पोचू लागल्या. पण एकच औषध वर्षानुवर्षे घेतले की जंतू त्याला पुरून उरतो. १९६४ साली मलेशियात पेटिट आणि रीस यांनी डॅप्सोनला दाद न देणारे जंतू सिद्ध केले.

ते सिद्ध करता आले, कारण १९६० मध्ये अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड याला उंदराच्या तळपायात हा जंतू मर्यादित प्रमाणात वाढवता आला होता. तळपाय का? कारण या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. नाक, कान, हात, पाय यांवर या रोगाची खूण उमटते ती म्हणूनच. पुढे १९७१ मध्ये कमी तापमानाच्या शरीराचा आर्मडिलो हा प्राणीही या कामी आला. पण उंदराच्या परीक्षेला सहा महिने ते वर्ष लागते. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. कुष्ठाच्या जंतूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. रोग्याला कोणते औषध लागू पडेल हे वर्षाने कळून काय उपयोग?

दिल्ली आणि मुंबई

इथे दोन भारतीय प्रयोगशाळा पुढे येतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. इंदिरा नाथ आणि एच. के. प्रसाद यांनी १९८१ मध्ये एक पद्धत मांडली. माणसाच्या रक्तातून मोनोसाइट वेगळे करायचे. काचेला चिकटून काही दिवसांत त्यांच्या भक्षक पेशी बनतात. त्यांना कुष्ठरोग्याच्या गाठीतून काढलेले जंतू खाऊ घालायचे. आता जंतू जिवंत आहे हे ओळखायचे कसे? त्याला वाढवून दाखवायचा आग्रह सोडला आणि तो काही बनवतो आहे का, एवढेच पाहिले. जिवंत जंतू डीएनए बनवतो आणि त्यासाठी थायमिडीन हे रसायन उचलतो. म्हणून किरणोत्सारी हायड्रोजनची खूण असलेले थायमिडीन माध्यमात घातले. पूर्ण वाढलेल्या भक्षक पेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे त्या स्वतः ते फारसे घेत नाहीत. जी किरणोत्सारिता मोजली जाईल ती मुख्यतः जंतूंची. तुलनेसाठी उष्णतेने मारलेले जंतू शेजारच्या भांड्यात ठेवलेलेच होते.

१९८२ मध्ये याच गटाने माध्यमात डॅप्सोन घालून पाहिले. डॅप्सोनला बळी पडणारे जंतू थायमिडीन घेईनासे झाले आणि दाद न देणारे घेत राहिले. उंदराला जिथे सहा महिन्यांहून अधिक काळ लागत होता तिथे काही आठवड्यांत उत्तर मिळू लागले. आणि त्यासाठी लागले काय? थोडे रक्त आणि गाठीचा एक तुकडा.

मुंबईत वरळीला डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७५ मध्ये फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था उभी केली. अंतिया हे प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांची वाकडी बोटे आणि बसलेली नाके दुरुस्त करता करता ते रोगाच्या मुळाशी वळले. तिथे पी. आर. महादेवन, तारा बिर्डी आणि त्यांचे सहकारी भक्षक पेशी आणि कुष्ठाचा जंतू यांच्या नात्याचा शोध घेत होते. त्यांना आढळले की जिवंत जंतू आत शिरला की भक्षक पेशीचे पटल बदलते. एरवी तिच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे लावलेल्या तांबड्या पेशी चिकटून सूक्ष्मदर्शकाखाली फुलासारखी आकृती दिसते. जिवंत जंतू आत असला की अशी फुले कमी होतात. १९८४ मध्ये महादेवन आणि सहकाऱ्यांनी याच खुणेवर औषधांची परीक्षा बसवली. औषधाने आतला जंतू निकामी झाला, तर फुलांची संख्या घटत नाही. जंतूची प्रकृती इथे घराच्या भिंतीवरून ओळखली जाते आणि किरणोत्सारी द्रव्याचीही गरज पडत नाही.

या पद्धतींच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यांना गाठीतून पुष्कळ जंतू मिळावे लागतात. जंतूने थायमिडीन घेतले म्हणजे तो पुढे वाढेलच असे नाही. शिवाय भक्षक पेशी जिवंत सांभाळणे तालुक्याच्या दवाखान्याचे काम नव्हे. त्यामुळे या परीक्षा रोजच्या वापरात रुळल्या नाहीत आणि उंदराचा तळपायच दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पण जंतू वाढवता येत नसला तरी तो जिवंत आहे का हे विचारता येते, ही दृष्टी त्यांनी दिली.

प्रत्यक्ष उपचारात याच सुमारास मोठा बदल झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. एका औषधाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडावा, हा त्यामागचा हिशेब. देशात हा बहुविध औषधोपचार सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता.

वर्गात दाखवण्याजोगे

भक्षक पेशीच्या पिशवीत आम्ल असते हे मुलांना कसे पटवावे? त्यासाठी पॅरामेशियम मदतीला येतो. वाळलेले गवत पाण्यात काही दिवस भिजवून त्यात थोडे तळ्याचे पाणी घातले की पॅरामेशियम मिळतात. थोडे यीस्ट पाण्यात कालवून त्यात किंचित काँगो रेड हा रंग घाला, काही मिनिटे उकळा आणि गार होऊ द्या. या मिश्रणाचा एक लहान थेंब पॅरामेशियमच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काही मिनिटांत पॅरामेशियमच्या पोटातल्या पिशव्यांत लाल कण दिसतील. थोड्या वेळाने काही पिशव्या जांभळट-निळ्या होतील. काँगो रेड तीव्र आम्लात निळा होतो. म्हणजे बाहेर लाल असलेला कण आत गेल्यावर वेगळ्याच परिस्थितीत सापडला. रंग हाताळताना हातमोजे घालावेत आणि तो शिक्षकांनीच मिसळावा.

मग मुलांना विचारावे, बाहेरच्या पाण्यात चांगले चालणारे औषध या निळ्या पिशवीत चालेलच का? आपापसांत चर्चा करून ती स्ट्रेप्टोमायसिन आणि पायराझिनामाइड यांच्या कोड्यापर्यंत येऊ शकतील.

घर कायमचे का?

कुष्ठाचा जंतू बशीत का वाढत नाही, याचे बरेचसे उत्तर २००१ मध्ये मिळाले. तमिळनाडूतल्या एका रोग्यापासून मिळालेल्या जंतूची संपूर्ण जनुकीय मांडणी त्या वर्षी वाचली गेली. क्षयाच्या जंतूत सुमारे चार हजार जनुके आहेत. कुष्ठाच्या जंतूत चालू स्थितीतली जनुके सुमारे सोळाशेच निघाली आणि अकराशेच्या वर मोडलेली, निकामी निघाली. दीर्घकाळ दुसऱ्याच्या घरात आयते मिळत गेले आणि स्वतः चूल पेटवण्याची विद्या हा जंतू विसरून गेला. हान्सेनचा अपराध आणि बाबांचे धाडस या दोन्हींमागची अडचण या मोडक्या जनुकांत होती.

आज औषधांची परीक्षा जनुकांवरून करता येते. डॅप्सोन, रिफॅम्पिसिन यांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या ठरावीक जनुकांत बदल झालेले असतात. ते शोधायला जंतू जिवंत असण्याचीही गरज नसते. पण जनुकांची परीक्षा जुन्या, माहीत असलेल्या औषधांबद्दलच बोलते. नवे औषध घेऊन कोणी आला तर त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागतो: हे पेशीच्या आत पोचते का, आणि तिथे टिकते का? क्षयरोगावरच्या नव्या औषधांसाठी जगभर हाच प्रयोग आजही होतो. त्यासाठी माणसाच्या रक्तातल्या भक्षक पेशी वापरतात, किंवा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या त्यांच्या सारख्या पेशी.

२००५ च्या अखेरीस देशातल्या कुष्ठरोग्यांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरीही भारतात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर तो सर्वांत आधी शिक्षकाच्याच नजरेला पडण्याची शक्यता मोठी. त्या मुलाला लवकर दवाखान्यात धाडले, तर जंतूने मज्जातंतूंत बिऱ्हाड थाटण्याआधीच औषध तिथे पोचते.